ग्रीसबाहेरचे ग्रीक

आपल्याकडील क्रमिक पुस्तकांतून ग्रीक लोक एकदा झेलमच्या काठी पोरसाशी लढून माघारी फिरले, की पुन्हा म्हणून दृष्टीस पडत नाहीत. सॉक्रेटिसाचा विषाचा पेला, मॅरेथॉनचे रण आणि सिकंदराची स्वारी एवढ्या सामग्रीवर सामान्य सुशिक्षित वाचकाचे त्यांच्याविषयीचे ज्ञान समाप्त होते. त्यापुढील तेवीसशे वर्षे हे लोक कोठे नांदत होते, कोणाच्या अमलाखाली होते, मुलांस काय शिकवीत होते, याची चौकशी करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हा दोष एकट्या आपल्या पुस्तकांचा नाही. पश्चिम युरोपातील पंडितांस संगमरवरी पूर्वज हवे होते, ते त्यांनी उचलून आपल्या वंशावळीत बसविले आणि त्या पूर्वजांच्या प्रत्यक्ष वारसांस वंशावळीबाहेर उभे केले. आपण ती वंशावळ इंग्रजीतून जशीच्या तशी नकलून घेतली. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, अथेन्सच्या टेकडीवर उभे राहून पाहिले असता हा इतिहास अर्धाच दिसतो. जगाने ग्रीकांचे म्हणून जे जे घेतले, त्याचा फार मोठा हिस्सा आज ज्या भूमीस ग्रीस म्हणतात तिच्या सीमेबाहेर, आणि पुष्कळदा ग्रीकांच्या हाती स्वतःचे राज्य नसताना, निर्माण झालेला आहे. ज्या धाग्याने हे सारे एकत्र बांधले गेले तो धागा राज्याचा वा रक्ताचा नसून भाषेचा आहे, आणि तो धागा चांगला तेहतीसशे-चौतीसशे वर्षांच्या लांबीचा आहे.

या भाषेचा सर्वांत जुना लेखी पुरावा कोणत्याही कवीने ठेवलेला नाही. तो कारकुनांनी ठेवला आहे. दक्षिण ग्रीसमधील पायलोस येथील राजवाडा इ. स. पू. १२०० च्या सुमारास जळाला, तेव्हा त्याच्या दफ्तरखान्यातील मातीच्या कच्च्या पाट्या त्या आगीत विटांसारख्या भाजून निघाल्या आणि केवळ त्यामुळेच टिकल्या. १९३९ साली त्या उत्खननात सापडल्या. परंतु त्यांवरील लिपी कोणासही वाचता येईना, आणि ती भाषा ग्रीक असावी अशी तर फारच थोड्यांची अटकळ होती. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या धंद्याने वास्तुशिल्पी असलेल्या तरुण इंग्रज गृहस्थाने ते कोडे सोडविले. त्याच्या वाचनावर शंका घेणारे विद्वान होतेच. तथापि पायलोस येथेच नव्याने हाती आलेल्या एका पाटीने त्यांची तोंडे बहुतांशी बंद केली. ही पाटी म्हणजे राजवाड्यातील भांड्यांची मोजदाद आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे भांड्याचे चित्र आणि पुढे नग. व्हेंट्रिसने ठरविलेली अक्षरमूल्ये लावून पाहता जेथे ‘तीन पायांचे’ असे वाचले जाते तेथे तिपाई हंड्याचे चित्र निघाले. जेथे ‘चार कानांचे’ तेथे चार मुठींचे पात्र, ‘तीन कानांचे’ तेथे तीन मुठींचे, आणि ‘बिनकानी’ तेथे मुठीच नसलेले. एका हंड्यापुढे पाय जळून गेल्याचा शेराही त्या कारकुनाने इमानेइतबारे मारून ठेवला आहे. होमरच्या काव्यातील राजांच्या वाड्यांत असा काटेकोर जमाखर्च चालत असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

वाडे जळाले, त्याबरोबर लिहिण्याची कलाही बुडाली, आणि सुमारे चारशे वर्षे ग्रीकांस लिपी उरली नाही. पुढे ती मिळाली ती फिनिशियन व्यापाऱ्यांकडून. त्या सेमिटिक लिपीत केवळ व्यंजनांची चिन्हे होती; स्वर वाचणाऱ्याने संदर्भाने भरून घ्यावयाचे. ग्रीकांनी आपल्या उच्चारांत नसलेल्या काही व्यंजनांची निकामी चिन्हे घेऊन ती स्वरांस लावली. आपल्या बाराखडीवर वाढलेल्या वाचकास यात विशेष काय असे वाटेल; परंतु ज्या लेखनपद्धतीत वाचणाऱ्यास भाषा आधीच चांगली अवगत असावी लागे, तिच्या जागी परक्यासही ओळ उच्चारून दाखविता येईल अशी पद्धती आली, हा फरक लहान नव्हता. लॅटिन आणि रशियन या दोन्ही लिप्या तिच्याच शाखा होत. आणि मौज अशी की, या नव्या लिपीचा जो एक अत्यंत प्राचीन नमुना उपलब्ध आहे, तो ग्रीसमध्ये सापडलेला नाही. इटलीत नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर इ. स. पू. आठव्या शतकातील एका थडग्यात मातीचा एक साधा पेला मिळाला. त्यावर कोणी रसिकाने छंदोबद्ध थट्टा कोरली आहे, की महाकाव्यातील वृद्ध राजा नेस्टरचा पेला कितीही नामांकित असो, या पेल्यातून पिणाऱ्यास मात्र तत्काळ प्रेमदेवतेची बाधा होईल.

इस्कियावर ग्रीक कसे, हा प्रश्न ज्यास पडेल त्याने त्या काळचा समुद्र डोळ्यांपुढे आणावा. जमीन थोडी व खडकाळ, घरात मुलगे अनेक, नगरात पक्षभेद तीव्र; अशा स्थितीत एकेक नगर आपली तुकडी गलबतांवर चढवून परमुलखी पाठवी. कॉरिंथने सिसिलीत सायराक्यूज वसविले, मेगाराने बॉस्पोरसच्या मुखाशी बायझँटिअन, आशियामायनरमधील फोसियाने इ. स. पू. ६०० च्या सुमारास आजचे मार्सेय, आणि मायलेटसने काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ठाण्यांची एक ओळच. निघताना मातृनगराच्या सार्वजनिक अग्निकुंडातील विस्तव बरोबर नेण्याची चाल होती. परंतु एकदा तो नव्या वेदीवर ठेवला, की नवे नगर बहुधा स्वतंत्र. खंडणी नाही, सुभेदार नाही. त्यामुळे ग्रीक विद्येचे आद्य पुरुष मोजू लागले असता आजच्या ग्रीसच्या नकाशात फार थोडे सापडतात. थेलीज मायलेटसचा आणि हेरोडोटस हॅलिकार्नॅससचा, म्हणजे दोघेही आजच्या तुर्कस्तानातले, पायथॅगोरसचा संप्रदाय दक्षिण इटलीत वाढला, आर्किमिडीज सायराक्यूजचा.

मग अथेन्सचे काय? अथेन्सची थोरवी कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. क्लाइस्थेनीजने इ. स. पू. ५०८ च्या सुमारास घातलेल्या घडीतून जी लोकसत्ता तेथे उभी राहिली, तीत चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमले जात आणि सामान्य चांभार-कुंभारासही सभेत उभे राहून बोलण्याचा हक्क असे. परंतु त्या लोकसत्तेच्या कारभाराचा एक पुरावा अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत सापडला आहे, तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. फार प्रबळ झालेल्या पुढाऱ्यास दहा वर्षे हद्दपार करण्याची तेथे एक रीत होती. त्याकरिता नागरिकांनी फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचे नाव कोरून टाकावयाचे, आणि किमान सहा हजार खापऱ्या पडाव्या लागत. या विहिरीत १९० खापऱ्या मिळाल्या. बहुतेक सर्वांवर थेमिस्टोक्लीजचे, म्हणजे सॅलॅमिसच्या खाडीत इराणी आरमार बुडविणाऱ्या वीराचे, नाव आहे. आणि हस्ताक्षरे ताडून पाहता ती सारी अवघ्या चौदा इसमांची निघाली. निरक्षर वा आळशी मतदारांच्या हाती देण्यासाठी विरोधकांनी आयती मते तयार करून ठेवली होती, असाच याचा अर्थ लावला जातो. निवडणुकांतील खटपटींचा ज्यांस अनुभव आहे त्यांस यात आश्चर्य वाटू नये. थेमिस्टोक्लीज हद्दपार झाला तो फिरत फिरत इराणच्या बादशहाच्याच आश्रयास गेला, आणि त्याने दिलेल्या नगराच्या उत्पन्नावर त्याचे अखेरचे दिवस गेले.

याच अथेन्समध्ये पेरिक्लीजच्या सूचनेवरून इ. स. पू. ४५१ मध्ये असा कायदा झाला, की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील त्यासच नागरिकत्व मिळावे. स्त्रिया, गुलाम आणि परगावचे रहिवासी यांस मत नाही. लॉरिअनच्या खाणींतील ज्या रुप्यावर आरमार आणि देवळे उभी राहिली, ते रुपे गुलामांनी भूगर्भातील अरुंद बोगद्यांत आडवे पडून काढलेले होते. आणि ज्याच्या ग्रंथांवर पुढे दोन सहस्रके युरोपची व अरबांची विद्यापीठे चालली तो ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये जन्मभर परकाच राहिला. उत्तरेकडील स्टॅगिरा गावचा म्हणून त्यास तेथे मतही नव्हते आणि जमीन विकत घेण्याचा हक्कही नव्हता. अथेन्सच्या कीर्तीत परगावच्या बिनमताच्या मंडळींचा वाटा किती, याचा हिशेब करू लागल्यास त्या कायद्याचा कोतेपणा डोळ्यांत भरतो.

तथापि चौथ्या शतकाच्या आरंभीच आयसॉक्रेटीस या अथेन्सच्याच वक्त्याने एक वेगळा विचार मांडून ठेवला होता. हेरोडोटसच्या ग्रंथात ग्रीकपणाच्या खुणा एक रक्त, एक भाषा, समान देवस्थाने आणि समान रीतिभाती अशा सांगितल्या आहेत. आयसॉक्रेटीसने त्यातील रक्ताची अट ढिली केली आणि जन्मापेक्षा शिक्षणाने मनुष्य ग्रीक ठरतो असे सुचविले. बोलताना त्याचा रोख अथेन्सच्या बढाईकडे होता. परंतु सिकंदर इ. स. पू. ३२३ मध्ये बाबिलोन येथे वारल्यावर त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतले, तेव्हा त्याचे शब्द अक्षरशः खरे ठरले. नाइलच्या मुखापासून ऑक्ससच्या तीरापर्यंत सिरियन, यहुदी, मिसरी, इराणी माणसे ग्रीक शिकू लागली, ग्रीकमध्ये अर्ज लिहू लागली आणि मुलांची ग्रीक नावे ठेवू लागली. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा अधिपती एराटोस्थेनीज हा लिबियातील सायरीनीचा. दक्षिण मिसरमधील सायीनी येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही खांबाची सावली पडत नाही, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन करते, एवढ्या दोन गोष्टींवरून त्याने हिशेब मांडला की या दोन गावांमधील अंतराच्या पन्नास पट पृथ्वीचा घेर असला पाहिजे. मोजलेले अंतर ५,००० स्टेडिया होते, म्हणून घेर २,५०,००० स्टेडिया. एका काठीची सावली आणि गावांतील अंतर यांपलीकडे त्यास काही लागले नाही.

पूर्वेकडील टोकास, आजच्या अफगाणिस्तानात ऑक्ससच्या काठी आय-खानुम येथे, फ्रेंच संशोधकांस नाट्यगृह व व्यायामशाळा यांसह एक संपूर्ण ग्रीक नगर सापडले. तेथील एका शिलालेखात क्लिआर्कस नावाचा इसम सांगतो की, डेल्फीच्या देवळातील सुभाषिते आपण स्वतः काळजीपूर्वक उतरवून घेऊन येथे कोरविली. सुमारे पाच हजार किलोमीटर दूरच्या देवस्थानाची वचने जिवापाड जपणाऱ्या या माणसांचे वंशज पुढे हिंदुकुश ओलांडून पंजाबात उतरले. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनास प्रश्न विचारणारा राजा तो त्यांतलाच मिनँडर. त्याच्या नाण्याच्या एका बाजूस ग्रीक मजकूर आणि दुसऱ्या बाजूस तोच खरोष्ठी लिपीतील प्राकृतात ‘महाराज’ या पदवीसह छापलेला आहे. असल्या दुभाषी नाण्यांच्या आधारावरच १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप प्रभृतींनी विसरलेली खरोष्ठी पुन्हा वाचली. विदिशेजवळ बेसनगर येथे तक्षशिलेच्या हेलिओडोरस नावाच्या यवन, म्हणजे ग्रीक, वकिलाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, तोही याच परंपरेतला.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो व्यापारातून. इ. स. च्या पहिल्या शतकात मिसरमधील कोणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेली तांबड्या समुद्राची व हिंदी महासागराची एक मार्गदर्शिका उपलब्ध आहे. तीत पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड बिकट वाटांनी गाड्यांत घालून भडोचला कसे येते याची हकीकत आहे. आणि कल्याण बंदरात ग्रीक जहाज चुकून शिरलेच, तर पहारा बसवून त्याची रवानगी भडोचकडे होते अशी तक्रारही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात डाव्या-उजव्या रांगांतील स्तंभ न्याहाळीत गेल्यास धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या स्तंभांचे लेख आढळतात; दात्यांची नावे मात्र सिहधय, धम्म अशी पुरती एतद्देशीय आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंस भोजनमंडप दिला. यांतील कितीजण रक्ताने ग्रीक आणि कितीजण केवळ ग्रीक बोलणारे पाश्चात्त्य व्यापारी, यावर पुराभिलेखज्ञांत मतभेद आहे. आयसॉक्रेटीसच्या व्याख्येने पाहिले तर तो भेद फारसा उरत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर एकाच डोंगरात एके ठिकाणी उत्तरेकडून आलेल्या यवन इंद्राग्निदत्ताचे दान कोरलेले आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेने आपल्या पुत्रास शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हणून गौरविले आहे. दोन्ही लेख सुखाने शेजारी नांदत आहेत.

रोमन अमलाचा भाग थोडक्यात आटोपला तरी चालेल. इ. स. पू. १४६ मध्ये कॉरिंथ बेचिराख झाले, ग्रीक नगरे रोमची ताबेदार झाली, आणि रोमच्या सरदारांची मुले ग्रीक गुलामांच्या हाताखाली शिकू लागली. खरी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये राजधानी बायझँटिअनला, म्हणजेच पुढच्या कॉन्स्टंटिनोपलला, नेली, आणि तेथे पुढे जे राज्य हजार-अकराशे वर्षे टिकले, त्याचे लोक ग्रीक बोलत, ग्रीकमध्ये प्रार्थना करीत, आणि स्वतःस रोमन म्हणवीत; हेलेन हे प्राचीन ग्रीकांचे स्वतःचे नाव म्हणजे त्यांच्या लेखी जुन्या देवांचा पूजक, म्हणजे पाखंडी. आज आपण त्यास बायझंटाइन म्हणतो. ते नाव सोळाव्या शतकातील एका जर्मन पंडिताने रूढ केले, त्या राज्यातील कोणासही ते ओळखता आले नसते. इतिहासकार गिबनपासून या राज्यास कारस्थानी, कर्मठ आणि निर्बुद्ध म्हणण्याची जी फॅशन पडली, ती मला अन्यायाची वाटते. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात युक्लिडची एक प्रत आहे. ती ८८८ मध्ये स्टीफन नावाच्या लेखनिकाने चर्मपत्रावर उतरवली, आणि अरेथास या पुढे धर्माधिकारी झालेल्या गृहस्थाने तिच्याकरिता चौदा सुवर्णनाणी मोजल्याची नोंद त्याच्याच हातची तीत आहे. प्लेटो, थ्युसिडिडीज, सोफोक्लीज जे काही आज उरले आहेत, ते बहुतांशी नवव्या-दहाव्या शतकांतील असल्याच लेखनिकांच्या नकलांमुळे उरले आहेत.

याच लेखनिकांच्या जातभाईंनी नाशही केला. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक प्रत तेराव्या शतकात कोणा पुरोहिताने खरवडली, पाने मधोमध कापून आडवी केली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. काम संपले ते १२२९ मध्ये. चर्मपत्र महाग, आणि गणिताचे गिऱ्हाईक थोडे. १९०६ साली हायबर्ग या डेन्मार्कच्या पंडितास कॉन्स्टंटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांच्या मागे पुसट अक्षरे दिसली, आणि तेथे आर्किमिडीजचा एक असा ग्रंथ हाती लागला की ज्याची दुसरी प्रतच जगात नाही. आकारांचे घनफळ काढताना तो मनातल्या मनात त्यांचे पातळ काप करून तराजूत कसे तोली, हे त्याने त्या ग्रंथात उघड केले आहे.

ग्रीक ग्रंथ टिकून राहण्याची दुसरी वाट बगदादकडे गेली. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक या अरब ख्रिस्ती वैद्याने व त्याच्या मंडळीने गेलेनचे वैद्यक सिरियाक व अरबीत आणले, त्याकरिता हस्तलिखितांच्या शोधार्थ गावेच्या गावे पालथी घातली. टॉलेमीचे ज्योतिष बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे अरबीवरून लॅटिनमध्ये उतरले, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाने जगन्नाथ पंडिताने तेच अरबीवरून संस्कृतात आणले. युक्लिडचे त्याने केलेले भाषांतर ‘रेखागणित’ या नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या हकिमांचे युनानी वैद्यक हाही याच वाटेने आलेला माल.

२९ मे १४५३ रोजी, मंगळवारी, कॉन्स्टंटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. ग्रीक लोक अद्यापि मंगळवार अशुभ मानतात. या दिवसानंतर पळालेल्या पंडितांनी इटलीत विद्येचे पुनरुज्जीवन केले ही समजूत मात्र तपासून घ्यावी. मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला तो १३९७ मध्ये, शहर पडण्याच्या छप्पन्न वर्षे आधी. सुलतानाने आपल्या ख्रिस्ती प्रजेची व्यवस्था कॉन्स्टंटिनोपलच्या धर्मप्रमुखाकडे सोपविली, आणि त्या छत्राखाली ग्रीक व्यापारी ओडेसापासून ट्रिएस्टपर्यंत आणि तेथून कलकत्त्यापर्यंत पसरले. कलकत्त्यातील या व्यापाऱ्यांच्या मुलांस शिकविण्याकरिता १७८६ मध्ये आलेला अथेन्सचा डिमिट्रिओस गॅलानोस काही वर्षांतच शिक्षकी सोडून काशीस गेला, तेथे ब्राह्मणी वेषात चाळीस वर्षे राहिला, भगवद्गीतेसह अनेक संस्कृत ग्रंथांची ग्रीक भाषांतरे करून १८३३ मध्ये तेथेच वारला. त्याच्या मायदेशी त्याच वर्षी स्वतंत्र ग्रीसचा नवा राजा नांदू लागला होता.

तुर्कांविरुद्ध १८२१ मध्ये झालेल्या बंडातून, अनेक यादवी लढायांतून आणि १८२७ मधील नॅव्हारिनोच्या आरमारी लढाईत तीन बड्या सत्तांनी केलेल्या साह्यातून जे राज्य निर्माण झाले, त्यात जेमतेम आठ लाख वस्ती होती. बाहेर राहिलेले ग्रीक तिच्याहून कितीतरी अधिक. राजा म्हणून आला तो बव्हेरियाचा सतरा वर्षांचा ओटो. राजधानी अथेन्स येथे करण्याचे ठरले, तेव्हा ते एक लहानसे पडके गाव होते. प्राचीन नावाच्या मोहाने ती निवड झाली. त्या मोहाची फळे पार्थेनॉनवर दिसतात. इ. स. पू. पाचव्या शतकातील हे देवालय पुढे माता मेरीचे चर्च झाले, नंतर मशीद झाले. १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात दारू साठवली असता व्हेनिसच्या तोफगोळ्याने त्याचा स्फोट झाला. उरलेल्या शिल्पांतील मोठा भाग लॉर्ड एल्गिनने उतरवून नेला आणि १८१६ मध्ये ३५,००० पौंडांस ब्रिटिश सरकारला विकला. स्वतंत्र ग्रीसने मशीद पाडली, तटावरची घरे पाडली, आणि १८७० च्या दशकात मध्ययुगीन बुरूजही पाडला. मधली दोन हजार वर्षे त्या टेकडीवरून झाडून काढली. आज प्रवाशास जे शुद्ध प्राचीन म्हणून दाखवितात, ते एकोणिसाव्या शतकाच्या झाडूचे काम आहे.

भाषेवरही तोच झाडू फिरविण्यात आला. लोकांची बोली तुर्की-इटालियन शब्दांनी भ्रष्ट झाली, तिला प्राचीन वळणावर आणून शुद्ध करावे, असा कोराइस आदी पंडितांचा आग्रह. त्यातून एक कृत्रिम ग्रांथिक भाषा तयार झाली आणि शाळा, कचेऱ्या, वृत्तपत्रे यांत तीच सुरू झाली. आपल्याकडील शास्त्री मंडळींचे मराठी ज्यांनी वाचले आहे त्यांस या भाषेची कल्पना सहज येईल, मात्र येथे भांडण फार वरच्या थराला गेले. त्या भांडणातील एक प्रमुख माणूस मुंबईत राहिलेला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. वऱ्हाड-खानदेशच्या कापूसबाजारात ज्या रॅली ब्रदर्स कंपनीचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी होते, ती मूळ किऑस बेटावरच्या ग्रीक कुटुंबाची. १८२२ मध्ये तुर्की फौजेने त्या बेटावर भयंकर कत्तल केली, त्यानंतर तेथील व्यापारी कुळे देशोदेशी पांगली. या कंपनीच्या मुंबई कचेरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रोस पाल्लिस नावाचा ग्रीक गृहस्थ नोकरीस होता. दिवसा रुईच्या गठ्ठ्यांचा व्यवहार पाहावा आणि फुरसतीत होमर साध्या बोलीत आणावा असा त्याचा क्रम; मुंबईच्या अथवा मँचेस्टर-लिव्हरपूलच्या कचेरीतून अथेन्सच्या शुद्धतावाद्यांचा धाक त्यास बाळगावा लागत नव्हता. त्याने बोलीत केलेले मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर १९०१ मध्ये अथेन्सच्या ‘अक्रॉपोलिस’ या वृत्तपत्रात येऊ लागताच विद्यार्थी रस्त्यावर उतरले. धर्मग्रंथ बाजारी भाषेत आणणे हा त्यांच्या मते राष्ट्रद्रोह होता. नोव्हेंबरातील त्या दंगलीत आठ माणसे मेली, धर्माधिकाऱ्याने राजीनामा दिला आणि मंत्रिमंडळ कोसळले. बोली ही सरकारी कारभाराची भाषा व्हावयास १९७६ साल उजाडले.

राज्य आणि भाषा यांची सांधेजोड किती कृत्रिम होती हे १९२३ मध्ये सर्वांत क्रूरपणे दिसले. आशियामायनरवरील ग्रीक स्वारीचा १९२२ मध्ये पूर्ण मोड झाला, स्मर्ना शहर जळाले, आणि पुढील वर्षी लोझान येथे दोन्ही सरकारांनी प्रजेची अदलाबदल करण्याचा करार केला. निकष धर्माचा. त्यामुळे कॅपॅडोशियाचे जे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या तुर्कीच बोलत आणि ती तुर्की ग्रीक लिपीत लिहीत, ते ग्रीक ठरून ग्रीसला गेले. आणि क्रीटमधील जे मुसलमान ग्रीकखेरीज दुसरी भाषा जाणत नव्हते, ते तुर्क ठरून तुर्कस्तानला गेले. सुमारे पन्नास लाखांच्या देशात बारा लाख निर्वासित आले; उलट दिशेने साडेतीन-चार लाख गेले. १९४७ चा अनुभव ज्या देशाच्या गाठीस आहे, त्यास याची वर्णने देण्याचे कारण नाही. आलेल्यांस जुने रहिवासी तुर्काची अवलाद म्हणून हिणवीत; त्यांनी अथेन्सच्या भोवती नवे स्मर्ना, नवे आयोनिया अशा नावांच्या वस्त्या उठविल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गायकीतून रेबेटिको हा संगीतप्रकार फोफावला; तोच आज परदेशी प्रवाशास अस्सल ग्रीक म्हणून ऐकवला जातो.

आधुनिक ग्रीक साहित्याची नावे घ्यावयाची झाली तर तीही याच चालीची आहेत. नोबेल पारितोषिक मिळविणारे दोन कवी, सेफेरिस आणि एलिटिस. पैकी पहिला १९०० मध्ये स्मर्नाजवळ ओटोमन मुलखात जन्मला, दुसरा १९११ मध्ये क्रीटमध्ये, ते बेट ग्रीसला जोडले जाण्यापूर्वी दोन वर्षे. कझांटझाकिसही क्रीटचाच. आणि ज्यास अनेक जाणकार यांच्याहूनही वरचे स्थान देतात, तो कवाफी जन्मला व वारला अलेक्झांड्रियात. तेथील पाटबंधारे खात्यात तीस वर्षे त्याने कारकुनी केली. कविता सुट्या कागदांवर छापून तो ओळखीच्यांस वाटी, विक्रीचे पुस्तक त्याने हयातीत काढलेच नाही. पेरिक्लीजच्या अथेन्सकडे तो सहसा वळत नाही. अँटिऑकमधील कर्जबाजारी तरुण, सिरियातील दुय्यम राजे, आपले ग्रीक उच्चार चुकतील या भीतीने सभेत कमी बोलणारा एखादा पश्चिम लिबियाचा राजपुत्र, ही त्याची माणसे. स्वतः अथेन्स त्याने पहिल्यांदा पाहिले ते वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्यात. पाल्लिसच्या भाषांतरावरून तेथे गोळीबार होण्यास तेव्हा थोडेच महिने अवकाश होता.